बिडाच्या तीन पाट्या

डिंपलनं दोन लोखंडी तुकडे एकमेकांवर टेकवून खिडकीकडे धरले आणि म्हणाली, "मॅडम, यातून उजेड येऊन राहिला."

मी पाहिलं. येत होता. मधे तुकडे घट्ट भिडलेले, आणि दोन्ही टोकांना केसाएवढी पांढरी रेघ.

हे २००८च्या ऑगस्टातलं. गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथंच शिकले, आणि तीन वर्षांपासून तिथं फळ्यावर शिकवत होते. बाळंतपणाची रजा संपवून परत आले तेव्हा वर्कशॉपचे सर नोकरी सोडून नागपूरला गेलेले होते, आणि पहिल्या वर्षाची शनिवारची फिटिंगची बॅच माझ्या गळ्यात पडली होती. फिटिंग म्हणजे काही मोठं नाही. प्रत्येक मुलाला लोखंडाचा एक तुकडा द्यायचा, त्याला 'जॉब' म्हणायचं, आणि तो त्यानं कानशीनं घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. सपाट झाला की नाही हे पाहायला वर्कशॉपमध्ये बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक जाड सरफेस प्लेट असते. तिच्यावर रंगाचा हात फिरवायचा, जॉब घासायचा. जॉबवर सगळीकडे रंग लागला तर पास.

डिंपलचा जॉब पास झाला होता. तिच्या शेजारच्या हिमांशुचाही. मग दोघांच्या मधून उजेड कसा?

मी दुसऱ्या मुलांचे जॉब मागवले. जोड्या लावल्या. सगळ्यांमधून उजेड. वर्कशॉपचे मदतनीस घनश्यामभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांनी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाले, "मैंने कुछ नहीं किया मॅडम. मैं तो बस कभी-कभी सरिया सीधा करता हूँ इस पे."

"हथोड्यानं?"

"हाथ से थोडी सीधा होगा."

मुलं हसली. पण मी पट्टी काढून प्लेटवर उभी धरली तेव्हा कुणी हसलं नाही. प्लेट मधोमध खोल गेलेली होती. किती वर्षांपासून, देव जाणे. किती बॅचेसचे जॉब त्या खोलगट प्लेटनं पास केले असतील.

हिमांशुनं तेव्हाच तो प्रश्न विचारला. हा मुलगा गोरेगावहून बसनं यायचा आणि बसमध्ये विचार करून यायचा.

"मॅडम, जॉब प्लेटवर तपासतो. प्लेट कशावर तपासायची?"

"ती कंपनीतून तपासून येते."

"कंपनी कशावर तपासते?"

"त्यांच्याकडे आणखी चांगली प्लेट असते."

"अन् ती?"

डिंपल म्हणाली, "तू वरपर्यंत जाऊन देवालेच विचार ना."

"नाही, पण खरंच," तो म्हणाला. "सगळ्यात पहिली सपाट प्लेट कशावरून बनवली असन?"

मी इंजिनिअर. पहिल्या श्रेणीची. मला उत्तर येत नव्हतं. "पुढच्या वेळी सांगते," म्हणाले, जसं आमचे सर आम्हाला म्हणायचे.

दुपारी विभागप्रमुख चंद्रशेखर सरांच्या केबिनमध्ये गेले. सर भला माणूस, पण थकलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"नवीन प्लेट मागवायची तर पुढचं सत्र उजाडेल. असं करा, यंदा मुलांना जॉब बाहेरून आणू द्या. स्टेशनपलीकडची दुकानं करून देतात. सगळीकडे तेच चाललंय, तुम्हाला माहीत नाही का?"

मला माहीत होतं.

"आणि शनिवारचे ते तीन तास गणिताला देऊन टाकू. मुलांचा फायदाच आहे."

"सर, मला तीन शनिवार द्या," मी म्हणाले. "आम्ही प्लेट बनवतो."

"बनवता?" सर बघतच राहिले. "कशावरून?"

पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणाले, "बघते." सर हसले, पण टोचून नाही. "तीन. चौथ्या शनिवारी गणित. आणि जॉब मग बाहेरून."

स्कूटीवरून कुडव्याला घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. बाहेरून आणलेला जॉब म्हणजे काय हे माझ्याइतकं त्या कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं.

*

माझे बाबा, केवळराम, गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये चाळीस वर्षं फिटर होते. मिलच्या आवाजानं त्यांचे कान निम्मे गेलेत, म्हणून ते मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याचं तोंड बघत ऐकतात. वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली मुलगी. सन नव्व्याण्णवला पहिल्या वर्षाला मीही असाच लोखंडी तुकडा घेऊन घरी आले होते. कॉलेजात तुकडा आवळून धरायचे वाईस मुलंच अडवायची, आम्हाला पाळी यायची नाही. घरी ओट्याच्या कडेला तुकडा दाबून मी कानस मारत बसले. दोन दिवसांत तळहाताला फोड आले.

बाबांनी पाहिलं. माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि म्हणाले, "तुहे हात पुस्तकासाठी आहेत." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो जॉब मिलमध्ये पूर्ण केला. मला बॅचमध्ये सगळ्यात जास्त मार्क पडले. तो जॉब परत मिळाला तेव्हा बाबांनी त्याला तेल लावलं आणि शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचे. "पोरीनं केला."

मी कधी काही बोलले नाही. ते प्रेमानं बोलत होते, आणि मी प्रेमानं गप्प होते. दोघांचं बरोबर जुळलं होतं.

रविवारी मैत्रीला कडेवर घेऊन मी माहेरी गेले. मैत्री तेव्हा अकरा महिन्यांची. तिला आईकडे, कुसुमबाईंकडे, दिलं आणि बाबांसमोर बसले. सगळं सांगितलं. त्यांनी माझं तोंड बघत ऐकलं.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मी करून देतो. चार दिवसात देतो. नेऊन देजो तुह्या सराले."

"नाही बाबा. मला शिकवा."

"कायले? हात खराब होतीन. लेकरू आहे अंगावर."

"मला येत नाही, बाबा. मी मुलांना शिकवते आणि मला येत नाही."

 शोकेसकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. मग ते उठले, न्हाणीमागच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि एक जुनी कानस घेऊन आले. तिचे दात घासून टोक चपटं आणि धारदार केलेलं होतं.

"हे स्क्रेपर. लोखंडाचा पापुद्रा काढते. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ." आणि मग सहज, जसं कुणी भाजीत मीठ सांगावं तसं ते म्हणाले, "सपाट करासाठी सपाट वस्तू नाही लागत. तीन लागतात."

"तीन काय?"

"तीन पाट्या. कशाही असू दे. वाकड्या असल्या तरी चालते."

त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. एकाला फुगीर केलं, दुसऱ्याला खोलगट, आणि एकमेकांत बसवले.

"दोन पाट्या घासल्या ना, तर एक फुगते, दुसरी खोल होते. एकमेकीले सांभाळून घेतात. दोघीबी म्हणतात, आम्ही बराबर. आता तिसरी आण." त्यांनी माझा हात ओढून घेतला. "ही फुगलेलीसंग बसली तर हीबी खोल होईन. मंग दोन खोल पाट्या एकमेकीवर ठेव. बसतीन का?"

"नाही."

"उजेड दिसन. मंग घास. फिरवून फिरवून घास. पहिली दुसरीसंग, दुसरी तिसरीसंग, तिसरी पहिलीसंग. तिन्ही जेव्हा एकमेकींसंग बसतीन, तेव्हा कोनालेच फुगाले जागा नाही राहत. दुसरं काही होताच येत नाही त्यायले. सपाटच व्हा लागते."

मी त्यांच्या तीन बोटं जाड झालेल्या हाताकडे बघत बसले. म्हणजे जगात आधी एकही सपाट वस्तू नसली तरी चालतं. तीन वेड्यावाकड्या पाट्या आणि दोन हात, आणि त्यातून असं काहीतरी बाहेर येतं की ज्याच्यावर मग सगळं जग मोजावं. हिमांशुचं उत्तर आमच्या न्हाणीमागच्या खोलीत होतं. मी चार वर्षं पुस्तकं वाचत त्या खोलीवरून ये-जा केली होती.

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"नागपूरचा एक मिस्त्री होता. त्याले कोनं शिकवलं माहीत नाही." मग हसून, "वरपर्यंत जाऊन विचारा लागन."

*

घनश्यामभाऊंनी भंगारातून जुन्या यंत्राच्या बैठकीचे बिडाचे तीन तुकडे शोधले आणि शेपर मशीनवर तासून दिले. तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, जाड, करड्या पाट्या. खडूनं त्यांच्या पाठीवर एक, दोन, तीन लिहिलं. प्लेटवर सळया सरळ केल्याची भरपाई म्हणून की काय, ते आठवडाभर त्यांना कुणाला हात लावू देत नव्हते.

पाटी कुठं उंच आहे हे कळायला रंग लागतो. एका पाटीवर रंगाचा हात फिरवायचा, दुसरी त्यावर घासायची. जिथं रंग लागला तिथं उंचवटा, तिथंच खरवडायचं. बाबा तेलात कालवलेला शेंदूर वापरायचे. आमच्या घरात शेंदूर देवाला कधीच नव्हता, आजोबांनी सन छप्पन्नला दीक्षा घेतली तेव्हापासून. पण बाबांच्या डब्यात तो कायम. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "हा लोखंडाचा आहे."

मी तो डबा घरी आणला. सकाळी घरची कामं सुरू होण्याआधी आणि दुपारी कॉलेजातून आल्यावर, मैत्री झोपली की, पडवीत बसून मी वेगळ्या तुकड्यांवर हात बसवायची. पहिले तीन दिवस स्क्रेपर नुसता घसरायचा. चौथ्या दिवशी एक बारीक करडा पापुद्रा उलगडून वर आला आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले. मी आयुष्यात लोखंडातून काढलेली ती पहिली गोष्ट.

त्याच दुपारी मैत्री उठली, रांगत आली आणि माझा अंगठा धरून तोंडात घातला. मी हात धुतले होते. पण नखाच्या कडेला एक केशरी रेघ राहिली होती.

शेंदरात शिसं असतं. हे मी पुस्तकातच वाचलेलं, पण वाचलेलं होतं. तिचं तोंड पुसलं, बोटानं आतून पुसलं, पाणी पाजलं, आणि मग माझे हात राखेनं, साबणानं, पुन्हा राखेनं घासत बसले.  सासूबाई, सुमित्राबाई, स्वयंपाकघरातून आल्या.

"काय झालं वं? काऊन रडून राहिलीस?"

मी सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, बस झालं हे लोखंड. माझे यजमान राजदीप बालाघाटला ड्युटीवर. घरात आम्ही दोघीच. मैत्रीला दिवसभर त्याच सांभाळायच्या.

त्यांनी मैत्रीला उचललं, तिचे ओठ उघडून पाहिले, माझं नख पाहिलं. मग आत गेल्या आणि काजळाची डबी घेऊन आल्या. मैत्रीसाठी त्या स्वतः काजळ धरायच्या. एरंडीच्या तेलाचा दिवा, वर पितळी ताट, ताटाला धरलेली काजळी तेलात कालवून डबीत.

"हे चालते का पाहून घे. रंगच पायजे ना तुले?"

मी सरावाच्या एका पाटीवर बोटानं काजळ फिरवलं, दुसरी टेकवून ओढली. उचलली. करड्या बिडावर काळे ठिपके, इतके स्वच्छ की शेंदराचेही तसे उठत नव्हते. तीन एका कोपऱ्यात, दोन दुसऱ्या. मधे सगळं कोरं.

"चालतं, आई."

"लोखंडालेबी नजर लागते का आता," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दिवा रोज दोनदा लागू लागला. शेंदराचा डबा मी बाबांना परत दिला, आणि त्यांनाही तो वापरू दिला नाही.

*

पहिल्या शनिवारी मुलांना वाटलं आपण खेळ करतोय. दुसऱ्या तासाला वाटलं आपल्याला शिक्षा झालीय. पाळीपाळीनं पाच-पाच जणांनी पाट्या घ्यायच्या, रंग लावायचा, घासायचं, ठिपके बघायचे, खरवडायचं, पुसायचं, परत रंग. मी फिरून प्रत्येकाच्या कोपराला हात लावून सांगायची, जोर खांद्यातून येऊ दे. हे आठ दिवसांपूर्वी मला माझ्या बाबांनी सांगितलेलं होतं. बारानंतर अंग भरून यायचं, घरी मैत्री भुकेली असेल हे छातीलाच कळायचं, आणि मी घड्याळ बघत ठिपके मोजत बसायची.

मुलं आठवडाभर मधल्या सुट्टीतही येऊ लागली. ठिपके वाढत होते. पाच होते ते दहा झाले, मग वीस, आणि एक दिवस ते फोडणीतल्या मोहरीसारखे सगळ्या पाटीभर पसरले. डिंपल त्या पाटीकडे बघत म्हणाली, "मॅडम, हे आपण केलं का?"

दुसऱ्या शनिवारी, अकराच्या सुमाराला, हिमांशुनं पहिली पाटी दुसरीवर ठेवली, फिरवली आणि उचलली. खालची पाटी तिच्याबरोबर वर आली.

चिकटवलं नव्हतं, बांधलं नव्हतं. नुसतं तेलाचं बोट. बिडाची एवढी जड पाटी दुसरीला धरून हवेत लटकली, एक, दोन, तीन मोजेपर्यंत, आणि मग घनश्यामभाऊंच्या पसरलेल्या हातात पडली.

"बाप रे बाप," घनश्यामभाऊ हळूच म्हणाले.

कुणीतरी धावत जाऊन चंद्रशेखर सरांना घेऊन आलं. पुन्हा करून दाखवलं. सरांनी स्वतः पाटी उचलून पाहिली. त्यांचा थकलेला चेहरा लहान मुलासारखा झाला. "वा. हे काम झालंच की, मॅडम. एक शनिवार आधीच. मी प्राचार्यांना सांगतो." आणि ते सांगायला गेलेसुद्धा.

मी त्या आनंदात हसत उभी होते. मग बाकाच्या टोकाला ठेवलेल्या तिसऱ्या पाटीवर माझी नजर गेली. तिच्यावर ठिपके नव्हते.

"तिसरीला कधी घासलं?"

हिमांशु खाली पाहू लागला. "सोमवारी, मॅडम. मग या दोघी चांगल्या जमू लागल्या ना, तर म्हटलं आधी यांचं करून घेऊ. वेळ कमी होता."

मी तिसरी पाटी पहिलीवर ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. टक. दुसरा कोपरा. टक. एक पाय आखूड असलेल्या बाकासारखी डुगत होती. दुसरीवर ठेवली. दुसरीवर तर ती नुसत्या कडांवर बसली, मधून सरळ खिडकी दिसत होती.

 डिंपलनं तळहात समोरासमोर धरले, एक फुगीर, एक खोल. मीच त्यांना ते शिकवलं होतं.

"म्हणजे या दोघी खोटं बोलून राहिल्या," ती म्हणाली.

"मिळून," हिमांशु म्हणाला.

"पण सरांना तर चाललं," मागून एक जण म्हणाला. "प्लेट तयार आहे म्हणून सांगायलाही गेले. कोणाला कळणार आहे?"

तेवढं खरं होतं. मी त्या दोन पाट्या सरांच्या टेबलावर ठेवल्या असत्या तर वर्कशॉपचे तास वाचले असते, माझं नाव झालं असतं. कुणाला कळणार नव्हतं. नऊ वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

"मला कळेल," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, सांगून टाकलं. की पहिल्या वर्षाचा माझा जॉब मी केला नव्हता. माझ्या बाबांनी केला होता, मिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. की मला सगळ्यात जास्त मार्क पडले होते. की दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत मला कानस धरता येत नव्हती. हे बोलताना मी पाटीकडे बघत होते, तीन नंबरच्या.

 मग हिमांशु म्हणाला, "बाबांना येत होतं पण, मॅडम."

"हो. बाबांना येत होतं."

"मग बरं आहे," तो म्हणाला, आणि तिसरी पाटी उचलून वाईसमध्ये धरली.

चंद्रशेखर सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी सांगितलं की झालेलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढचा शनिवार शेवटचा," एवढंच म्हणाले.

*

शेवटच्या शनिवारी सकाळी सासूबाईंना ताप होता. मी बाबांना फोन केला. ते सायकलवर कुडव्याला आले, आणि मैत्रीला घरी ठेवायचं तर ती एकट्या बाबांपाशी दुपारपर्यंत राहीना, म्हणून तिघंही ऑटोनं कॉलेजात आलो. बाबा कॉलेजच्या फाटकातून आजवर कधी आत आले नव्हते. माझ्या पदवीच्या दिवशीही ते बाहेर चहाच्या टपरीवर थांबले होते. धुतलेला सदरा, कडेवर नात, खांद्याला कापडी पिशवी. वर्कशॉपच्या दाराशी एका स्टुलावर बसले.

"मी आपला लेकरू पकडून बसतो," ते म्हणाले. "माह्याकडं पाहू नका."

मुलं सारखी त्यांच्याकडेच पाहत होती. तीन तास त्या माणसानं एका पाटीला हात लावला नाही. मैत्री त्यांच्या सदऱ्याची गुंडी चघळत होती आणि ते आमच्या हातांकडे बघत होते, कानांना ऐकू येत नाही म्हणून डोळ्यांनी ऐकल्यासारखे. एकदा डिंपल चुकीच्या दिशेनं खरवडू लागली तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला. त्यांनी तो मैत्रीच्या पाठीवर ठेवून दिला.

एक दोनवर. दोन तीनवर. तीन एकवर. पाटी काटकोनात फिरवून पुन्हा. काजळाची डबी तळाला आली. माझ्या उजव्या हाताचा फोड फुटला होता, तो रुमालानं बांधला. साडेबाराला ठिपके तिन्हींवर सारखे होते. एकाला टक नव्हती.

"उचल," मी हिमांशुला म्हणाले.

"तुम्ही, मॅडम."

मी पहिली पाटी दुसरीवर ठेवली, फिरवली, उचलली. दुसरी वर आली. ती सोडवून दुसरी तिसरीवर ठेवली. तिसरी वर आली. शेवटी तिसरी पहिलीवर.  मी उचललं.

पहिली पाटी वर आली.

हवेत लटकलेली ती पाटी मी पाहत होते आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की ही कशावरूनही नक्कल केलेली नाही. हिच्यासारखी वस्तू आमच्या वर्कशॉपात आधी नव्हती, हिला दाखवायला कुणी नव्हतं की तू अशी हो. भंगारातलं बीड, एका लेकराचं काजळ, चाळीस पोरांचे फोड आलेले हात, आणि ही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चंद्रशेखर सर कधी येऊन मागे उभे राहिले होते कळलं नाही. त्यांनी पाटीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"हिमांशु," मी म्हणाले, "तू विचारलं होतंस. सगळ्यात पहिली कशावरून बनवली."

"हो मॅडम," तो म्हणाला. "कशावरूनच नाही."

"गणित पुढच्या वर्षीही आहेच की. शनिवार राहू दे वर्कशॉपला," सर कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, आणि गेले.

मुलांनी आपापले जॉब आणले आणि नव्या पाट्यांवर एकेक करून तपासायला घेतले. सगळे फुगलेले. कुणाला वाईट वाटलं नाही. कानशी वाजू लागल्या. त्या गलक्यात बाबा उठले. मैत्रीला डिंपलकडे दिलं, पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

तो माझा जॉब होता. शोकेसमधला. तेलानं चमकणारा.

"याले पाहून घ्या लागत होतं," ते मला म्हणाले. त्यांच्या मोठ्या आवाजामुळं सगळ्यांनी ऐकलं. "तेव्हा मिलमध्ये प्लेट नव्हती. डोळ्यानं केला होता."

मी पाटीवर काजळाचं शेवटचं बोट फिरवलं. बाबांनी जॉब टेकवला, हलका ओढला, उलटा केला.

काळा रंग तीन कोपऱ्यांना सारखा चढला होता. चौथा कोपरा कोरा.

बाबांनी जॉब उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. "पाह्य बापा," ते म्हणाले. "नऊ वर्षं बुद्धाजवळ बसून होता, अन् कोपरा खाली." ते हसले. मग तो जॉब त्यांनी पुसला, स्वतःच्या सदऱ्याला, आणि जवळच्या वाईसमध्ये बसवून दांडा आवळला. बाकावरची कानस उचलली. मला वाटलं, आता ते घासतील.

त्यांनी कानस उलटी धरून मूठ माझ्याकडे केली.

"तुहा जॉब आहे," ते म्हणाले. "बाकीचे तीन कोपरे उतरवा लागतीन. वेळ लागन."

मी रुमाल हाताभोवती घट्ट केला आणि कानस घेतली. मागे मैत्री डिंपलच्या कडेवर काहीतरी बडबडत होती. बाबा तिला घ्यायला गेले नाहीत. ते माझ्या शेजारी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, आणि माझ्या खांद्याकडे बघत राहिले, जोर कुठून येतो ते.